आण घातलेलं पाणी

या, सरका जवळ. रेवू, पाय पोटाशी घे, दाराकडून वारा येतोय. मल्हारी, तू भिंतीकडे हो. आणि मध्ये मध्ये प्रश्न विचारायचे नाहीत. विचारायचेच असतील तर एकेकाने विचारा.

एक होतं बेट. लांब, खूप लांब, आपल्या समुद्राच्याही पलीकडच्या समुद्रात. त्या बेटाला राजा नव्हता, बरं का. काय म्हणालास? राजाशिवाय गोष्ट कशी? अरे, सगळ्या गोष्टींत राजाच कशाला हवा! गाव होतं, गावात माणसं होती, तेवढं पुरे. माझे बाबा बोटीवर खलाशी होते ना, ते त्या बेटावर जाऊन आले होते. वर्ष वर्ष घरी यायचे नाहीत. आम्ही पोरं धक्क्यावर जाऊन बसायचो, आणि आले की ही गोष्ट सांगायचे. अजून आठवण येते मला त्यांची. या वयातही येते, हसू नका.

तर बेट. बेटाच्या भोवती पोवळ्याचं कुंपण होतं. माणसांनी घातलेलं नाही, समुद्रानेच घातलेलं. बाहेर ही मोठी लाट फुटायची आणि कुंपणाच्या आत पाणी कसं, वाटीतल्या पेजेसारखं शांत. त्या शांत पाण्यात मासे. लाल तांबोसे, जाड ओठांचे गोब्रे, चकचकीत बोय, निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे. आणि ते पाणी कुणा एकाचं नव्हतं. सगळ्या गावाचं होतं. कुणी कुठे जाळं टाकायचं, कुठल्या महिन्यात कुठला मासा धरायचा नाही, एवढासा मासा आला तर परत सोडायचा, अंडी पोटात असलेली मासोळी आली तर तिला हात जोडून सोडायची, हे सगळं गाव मिळून ठरवायचं. फणसासारख्या एका मोठ्या झाडाखाली बसून ठरवायचं. भांडणं व्हायची की! पण ठरलं की ठरलं.

आणि त्यांची एक रीत होती. गावातलं कुणी वारलं, की ते माणूस ज्या पाण्यात मासे धरायचं, त्या पाण्याला आण घालायचे. म्हणजे काय करायचे? तर पाण्यात एक लाकडी खांब रोवायचे आणि खांबाला नारळीची हिरवी झावळी बांधायचे. खांब रोवायचा सगळ्यात जवळच्या माणसाने. मग त्या पाण्यात कुणी जायचं नाही. जाळं नाही, गळ नाही, साधा खेकडासुद्धा उचलायचा नाही. ते म्हणायचे, गेलेलं माणूस अजून तिथेच आहे, त्याला जरा बसू दे.

मग ती झावळी हळूहळू पिवळी पडायची. मग वाळायची. मग एक दिवस वाऱ्याने गळून पडायची. झावळी पडली की ज्याने खांब रोवला त्यानेच तो उपटायचा. सगळ्या गावाने त्या पाण्यात उतरायचं, मासे धरायचे, केळीच्या पानात भाजायचे, आणि पहिला वाटा गेलेल्या माणसाचा. लाकडाच्या ताटलीत ठेवून समुद्रावर सोडायचा. त्याची शिदोरी ती. मग सगळे म्हणायचे, जा रे बाबा, सुखाने जा. मग ते माणूस जायचं. आणि गाव डोळे पुसून जेवायला बसायचं.

आणि दोन गोष्टी अगदी करायच्या नाहीत. दुसऱ्याच्या खांबाला हात लावायचा नाही. आणि खांब कधी काढणार, असं तोंडाने विचारायचं नाही. दुःखातल्या माणसाला घाई करू नये म्हणून.

तर त्या गावात एक बाई होती. तिचं नाव लितिया. म्हणा बघू, लि-ति-या. छान. तिचा नवरा सामू. दोघं नवीनच संसाराला लागलेली. सामूची आई होती वासिती, ती शेजारच्याच झोपडीत राहायची. आणि सामू मासे धरायचा तो निळ्या कोंडीत.

कोंड म्हणजे खोलगट डोह, माहिती आहे ना तुम्हाला. बेटावरचं सगळ्यात चांगलं पाणी ते. पोवळ्यांची दाट झाडी, मध्ये पांढरी वाळू. मासे अंडी घालायला तिथे यायचे, पिल्लं तिथे वाढायची आणि मग सगळ्या बेटाभोवती पसरायची. म्हणजे गावाची चूलच म्हणा.

एकदा सामू कुंपणाबाहेर गेला, मोठ्या समुद्रात. आणि काय झालं? होडी परत आली. सामू नाही आला.

नाही गं, सापडला नाही. शोधलं त्यांनी. खूप शोधलं. नुसतं वल्हं मिळालं.

मग काय, आण घालायची वेळ आली. निळ्या कोंडीच्या तोंडाशी सगळं गाव जमलं. वासितीच्या हातात झावळी होती. आई ती, तिचाच मान पहिला. पण तिने सुनेकडे बघितलं. लितियाच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता, दगडासारखी उभी होती. वासितीने झावळी तिच्या हातात दिली. म्हणाली, "तू बांध." एवढंच म्हणाली आणि मागे सरली. लितियाने खांब रोवला, झावळी बांधली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओहोटी लागली. लितिया खांब नीट आहे का बघायला गेली. खडकावर बसली, खाली वाकली. पाणी कसं काचेसारखं. आणि पाण्याच्या तळाशी, पांढऱ्या वाळूवर कोण बसलेलं असेल?

सामू!

हो, सामूच. मांडी घालून बसला होता आणि जाळं विणत होता. फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन एकेक गाठ मारत होता, घरी अंगणात बसायचा तस्साच. लितियाने हाक मारली. त्याने वर बघितलं नाही. तिने पाण्यात हात घातला, तर पाणी हललं आणि सामू दिसेनासा झाला. हात काढला, पाणी निवलं, परत सामू. मग तिने काय केलं? हात मांडीखाली दाबून ठेवला आणि भरती येईपर्यंत नुसती बघत बसली. किती दिवसांनी तिला बरं वाटलं.

मग ती रोज जायला लागली. ओहोटी लागली की हातातलं काम टाकून जायची. खडकावर बसायची आणि त्याला सगळं सांगायची. कोंबडी खुडुक बसली. छपराला भोक पडलंय. तुझ्या आईचा गुडघा दुखतोय. आज भाकरी, म्हणजे त्यांच्याकडे भाकरी नसते, कंद असतात, आज कंद करपले. तो काही बोलायचा नाही, वर बघायचा नाही. पण होता तर खरा! हे तिने कुणाला म्हणून सांगितलं नाही. सांगितलं तर आपलं बघणं जाईल, असं तिला वाटायचं.

मग झावळी पिवळी पडायला लागली.

लितियाला कळलं, आता झावळी वाळणार, गळणार, खांब काढावा लागणार, आणि सामू जाणार. मग तिने काय केलं माहिती आहे? गुपचूप एक हिरवी झावळी तोडली, पिवळी सोडली आणि नवी बांधली.

अगं हो, लबाडीच ती! पण ऐक तर.

ती झावळी पिवळी पडली, तिने आणखी एक बांधली. तीही पिवळी पडली, मग आणखी एक. आता गावाला काय डोळे नव्हते? सगळ्यांना दिसायचं. पण बोलायचं कसं? गावात एक म्हातारा होता, मोसेसे. हसू नका, असंच नाव होतं त्याचं. त्याचा शब्द गाव ऐकायचं. तो एकदा कोंडीवरून जाताना थांबला, झावळीकडे बघितलं आणि म्हणाला, "यंदा झावळ्या फारच हिरव्या राहतायत." आणि काठी टेकत निघून गेला.

आणि तिकडे कोंडीत काय झालं? कुणी जाळं टाकत नाही, कुणी गळ टाकत नाही. मासे वाढले. आधी बोटभर होते ते वीतभर झाले, वीतभर होते ते हातभर झाले. त्यांची पिल्लं, पिल्लांची पिल्लं. बाहेर लाट खवळलेली, आत निवारा, मग कशाला बाहेर जातायत! झुंडीच्या झुंडी. लाल झुंड गेली की पिवळी यायची, पिवळी गेली की रुपेरी.

आणि त्यांच्यात सामू झाकून गेला.

लितिया वाकून बघायची. आधी सामूचा एक खांदा दिसायचा. मग नुसता हात दिसायचा, गाठ मारणारा. मग तेही नाही. मासेच मासे. ती "हुश, हुश" करायची, कोंबड्यांना हाकलतात तसं. मासे कुठले ऐकतायत! तासन्तास बसायची आणि कधीतरी एखादं बोट दिसलं तर दिसलं. तेवढ्या एका बोटासाठी दिवस काढायची बिचारी. फार वाईट असतं रे ते. माणूस तिथेच आहे आणि दिसत नाही.

आता त्यात आणखी एक झालं. मोठं वादळ आलं. नारळी मोडल्या, खारं पाणी शेतात शिरलं, कंद कुजले. फणसासारखी ती झाडं होती ना, त्यांची फळं पिकायच्या आधीच खाली. समुद्र इतका पिसाळलेला की कुंपणाबाहेर होडी काढायची सोय नाही. आणि कुंपणाच्या आतलं बाकीचं पाणी? निळी कोंड बंद म्हणून सगळे तिथेच मासे धरत होते, तिथे आता काही उरलं नव्हतं. जाळं टाकावं आणि शेवाळ काढावं. लोक खडकावरच्या शिंपल्या खरवडून खायला लागले.

मग गाव त्या झाडाखाली जमलं. तिथे पेनी म्हणून एक जण होता. तरणाबांड, नाकावर राग. त्याची बायको सलोते, तिला तान्हं मूल. पेनी उठला आणि म्हणाला, "कोंडीत मासे मावत नाहीत आणि आपण शिंपल्या चाटतोय! एक लाकूड तर आहे. मी जातो आणि उपटतो."

 मग म्हातारा मोसेसे म्हणाला, "उपट. हात आहेत तुला. पण आज तू तिचा उपटलास, तर उद्या तुझ्या माणसाचा कोण राखील?"

पेनी खाली बसला. कारण गेल्याच्या गेल्या साली त्याच्या बापाचा खांब गावाने राखला होता. तेव्हाही लोकांना भूक लागतच होती.

मग ठरलं काय? की विचारायचं तर नाही. पण भेटायला जायला काय हरकत आहे?

मग पहिल्यांदा गेला म्हातारा मोसेसे. जाताना एक कंद घेऊन गेला, त्याच्या घरातला शेवटचा. लितियाच्या दारात बसला. वाऱ्याबद्दल बोलला. ढगांबद्दल बोलला. आपल्या पडलेल्या दातांबद्दल बोलला. खांबाबद्दल चकार शब्द नाही. उठताना कंद तिथेच ठेवला. लितियाला सगळं कळलं. तिची मान वर होईना. पण ओहोटी लागली तशी ती कोंडीवर गेली, आणि त्या दिवशी झावळी पिवळी पडलेली होती, तर तिने नवी बांधली.

मग दुसऱ्यांदा आली सलोते, पेनीची बायको. तान्ह्याला घेऊन आली. तीही खांबाबद्दल बोलली नाही. म्हणाली, "जरा याला धरतेस का? माझे हात भरून आलेत." लितियाने पोराला घेतलं. आणि ते पोर इतकं हलकं, इतकं हलकं की लितिया दचकली. रडत होतं, पण आवाज निघत नव्हता. सलोते म्हणाली, "दूध येत नाही गं. पोटात काही जात नाही ना माझ्या." लितियाने मोसेसेचा कंद तसाच ठेवला होता, तो भाजला आणि सलोतेला भरवला. पोराला मांडीवर थोपटलं. ती गेल्यावर लितिया खूप रडली. म्हणाली, उद्या काढते खांब, उद्या नक्की. आणि दुसऱ्या दिवशी खांबाजवळ गेली, त्याला हात लावला आणि हात काढून घेतला. नाही जमलं तिला.

अरे, वाईट नव्हती ती! तुला तुझी फुटकी गाडी टाकवत नाही आणि तिला नवरा सोडवत नव्हता, तर म्हणे वाईट! गप ऐक.

मग तिसऱ्यांदा आली वासिती. सासू. गुडघा दुखत होता तरी लंगडत लंगडत थेट कोंडीच्या खडकावर आली. ओहोटीची वेळ होती. लितिया वाकून बसलेली. वासिती तिच्या शेजारी बसली. वाऱ्याबद्दल नाही बोलली, ढगांबद्दल नाही बोलली. सरळ म्हणाली,

"दिसतो का गं तो?"

लितियाने झटकन मान वर केली. "तुम्हाला कुणी सांगितलं, आई?"

"सांगायला कशाला हवं? रोज इथून घरी येतेस ती तोंड धुतल्यासारखी येतेस. मी काय आंधळी आहे?" मग वासिती पाण्यात वाकून बघायला लागली. तिला तर काय, मासे सोडून काही दिसेना. खांब तिने रोवलेला नव्हता ना, ज्याचा खांब त्यालाच दिसायचं. बघत राहिली, बघत राहिली, आणि मग हळूच म्हणाली, "बारीक झालाय का?"

लितियाला हुंदका फुटला. "आई, मलाही दिसत नाही हो आता! मासेच मासे आहेत. एक बोट दिसतं कधी, तेही नाही दिसत."

"मग कशाला धरून बसलीस?"

"खांब काढला तर तो जाईल."

वासितीने दुखरा गुडघा हाताने चोळला. समोर पाणी चुळबुळत होतं. मग ती म्हणाली, "लितिया, लहानपणापासून तो कुठेही निघाला की मी त्याच्या कमरेला शिदोरी बांधायची. रानात निघाला तरी, समुद्रावर निघाला तरी. त्या दिवशी तो न सांगता गेला. म्हणून मी वाट बघतेय, की गाव जेवेल आणि माझ्या हाताने मी त्याची शिदोरी सोडेन. गाव जेवलंच नाही. गाव उपाशी आहे ते तर दिसतंय तुला. पण तोही उपाशीच आहे गं. तू बसवून ठेवलायस त्याला, आणि ताट नाही वाढलंस."

हे लितियाच्या कधी मनातच आलं नव्हतं! रोज त्याला बघितलं, रोज त्याच्याशी बोलली, कोंबडीचं सांगितलं, छपराचं सांगितलं. पण तो जेवला का, हे एकदाही विचारलं नाही. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वासितीने तिला जवळ घेतलं. मग दोघी रडल्या. सामू गेल्यापासून दोघी एकत्र अशा रडल्याच नव्हत्या. ही आपल्या झोपडीत रडायची, ती आपल्या झोपडीत.

मग लितिया उठली. कमरेला पदर, म्हणजे त्यांचं ते रंगीत फडकं असतं ते, खोचलं. पाण्यात उतरली. खांबाला हात घातला.

पण खांब हलेना.

हलणार कसा? इतके दिवस पाण्यात उभा. त्याला कालवं चिकटली होती, पोवळी चढली होती, खडकाशी एक होऊन गेला होता. लितियाने एकदा ओढला. नाही निघाला. दुसऱ्यांदा ओढला, तळहात सोलवटले, रक्त आलं. नाही निघाला. मग तिने मागे वळून बघितलं. म्हणाली, "आई, या ना. माझ्या एकटीने नाही व्हायचं."

वासिती घाबरली. "मी कसा हात लावू? खांब तुझा आहे."

"मुलगा तुमचा आहे," लितिया म्हणाली.

मग वासिती तो दुखरा गुडघा घेऊन पाण्यात उतरली. सुनेच्या हातांवर तिने आपले हात ठेवले. आणि तिसऱ्यांदा दोघींनी मिळून ओढला. कुर्रर्र असा आवाज झाला, आणि निघाला की खांब!

किनाऱ्यावर सगळं गाव येऊन उभं होतं. कधी आले, कोण जाणे.  मोसेसेने डोळे पुसले आणि हात वर केला. मग सगळे पाण्यात उतरले. म्हातारेकोतारे, बायका, पोरं, सगळे एका ओळीत. हातात हात धरून त्यांनी कडं केलं आणि पाणी बडवत बडवत कडं लहान करत आले. मध्ये मोठं जाळं. आणि मासे, अहाहा! लाल, पिवळे, रुपेरी. पेनी तर हसत पण होता आणि रडत पण होता. पण ऐका हं, एवढी भूक लागलेली, तरी बोटभर मासे त्यांनी परत सोडले. अंडी पोटात असलेल्या मासोळ्या हात जोडून सोडल्या. पुरेल एवढं घेतलं, बाकीच्यांना वाट मोकळी करून दिली. आणि इतके दिवस कोंडीत दाटलेले मासे भराभर बाहेर पडले, बेटाच्या चारी बाजूंना पसरले.

मग केळीच्या पानात मासे भाजले. वासितीने पहिला वाटा काढला. काटे काढून काढून काढला, सामूला लहानपणी द्यायची तसा. लाकडाच्या ताटलीत ठेवला, वरून पान झाकलं, आणि दोघी सासू-सुना कोंडीच्या काठी आल्या. ताटली पाण्यावर ठेवली.

आणि पाणी निवळलं. मधे एकही मासा नव्हता. तळाची पांढरी वाळू स्वच्छ दिसली.

वासितीने लितियाचं मनगट गच्च धरलं. कारण आता तिलाही दिसत होतं. खांब दोघींनी काढला होता ना!

सामू मांडी घालून बसला होता. जाळ्याची शेवटची गाठ मारत होता. गाठ मारली, ओढून बघितली, जाळं खांद्यावर टाकलं. उभा राहिला. आणि मग, पहिल्यांदाच, त्याने वर बघितलं.

कुणाकडे बघितलं? अगं, तेच तर. वासितीला वाटलं, माझ्याकडे. लितियाला वाटलं, माझ्याकडे. दोघींनी एकमेकींना विचारलं नाही.

मग काय झालं, भरती सुरू होती. भरतीला सगळं काठाकडे येतं, हो ना? पण ती ताटली उलट चालली. काठापासून लांब, कोंडीच्या बाहेर, कुंपणाला जिथे फट होती तिकडे. आणि तिच्या खालून, वाळूवरून, सामू चालला. घाई नाही. शिदोरी मिळालेलं माणूस जसं चालतं, तसा. गाव काठावरून म्हणालं, जा रे बाबा, सुखाने जा. वासिती म्हणाली. आणि लितियाही म्हणाली. हळू आवाजात, पण म्हणाली. फटीपाशी ताटली एकदा हेलकावली आणि मोठ्या समुद्रात दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी ओहोटी लागली, तेव्हा लितिया जाऊन आली कोंडीवर. सवय होती ना. नुसती वाळू होती. वाळूवर एक लहानसा पट्ट्यापट्ट्यांचा मासा हिंडत होता. ती थोडा वेळ बसली आणि परत आली. मग पुढेही कधी कधी जायची. आठवण काही गेली नाही तिची. ओहोटी लागली की जिवाला हुरहूर लागायची, केस पिकले तरी लागायची. पण आता घरी आली की वासिती विचारायची, "जाऊन आलीस?" आणि मग दोघी एका चुलीवर रांधायच्या आणि सामूच्या गोष्टी काढून बसायच्या. लहानपणी कसा पडला, लग्नात कसा लाजला. कधी हसायच्या, कधी नाही.

हो, सलोतेला दूध आलं. पोर असं गुबगुबीत झालं की पेनीला उचलवेना. समुद्र शांत झाला, शेतं परत हिरवी झाली, कंद आले. कुंपणाच्या आत सगळीकडे मासे झाले, कारण कोंडीतले पसरले होते. मग गावाने झाडाखाली बसून ठरवलं, की निळ्या कोंडीतला एक कोपरा मासोळ्यांना कायमचा सोडायचा, तिथे कधीच कुणी जायचं नाही. भांडण झालं थोडं, पण ठरलं.

आणि आणखी एक ठरलं. ते कुणी बोललंसुद्धा नाही, आपोआपच ठरलं. त्या दिवसापासून त्या बेटावर कुणी एकट्याने खांब रोवत नाही. दोघांनी रोवायचा. आई असेल तर आई आणि बायको, नाहीतर भाऊ आणि बहीण, कुणीच नसेल तर शेजारी. दोघांनी रोवायचा, दोघांनी बघायचं, आणि एकाला सोडवत नसेल तेव्हा दुसऱ्याने त्याच्या हातावर हात ठेवायचा.

तसे ते सगळे तिथे सुखात राहिले. अजून राहतात.

चला, मिटा डोळे. रेवू, माझा हात सोडू नकोस हवं तर. झोप लागली की मीच काढून घेईन हळूच.